टिंबांची रेघ



मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाला याआधी मोठमोठी माणसं येऊन गेली. कुणी हृदयावर बोललं, कुणी मधुमेहावर, एक वर्ष योगासनांचं प्रात्यक्षिकही झालं म्हणे. मी नोकरीभर महापालिकेच्या विभाग कार्यालयांतून जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासल्या. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी फोनवर जरा थांबून विचारलं, 'लोक येतील ना?' मी म्हटलं, ज्यांच्या दाखल्यात नावाची एखादी चूक आहे तेवढेच आले तरी खुर्च्या पुरणार नाहीत.

नोंदणीचा फॉर्म तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भरलाय. वाचलाय मात्र फार थोड्यांनी. नुकताच बाप झालेला माणूस आणि नुकताच बाप गेलेला माणूस, दोघेही फॉर्म वाचण्याच्या मनःस्थितीत नसतात. कारकून बोट ठेवतो तिथे सही करायची, बस्स. म्हणून आज तो फॉर्म आधी वाचू. जन्माला नंबर एक, मृत्यूला दोन, मृत जन्मलेल्या बाळाला तीन. प्रत्येकाचे दोन भाग. एक कायद्याचा, दुसरा आकडेवारीचा. मधे फाडायची टिंबांची रेघ. कायद्याचा भाग निबंधकाकडे राहतो, त्याची नोंदवही होते आणि त्यातून तुमचा दाखला निघतो. आकडेवारीचा भाग फाटून वर जातो.

कायद्याच्या भागात नाव, तारीख, आईवडिलांचं नाव, पत्ता. आकडेवारीच्या भागात खरी गंमत आहे. जन्माच्या फॉर्मवर आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, आधीची किती मुलं, बाळंतपण कुणी केलं, बाळाचं वजन किती. मृत्यूच्या फॉर्मवर तर माणूस विडी-सिगारेट ओढायचा का आणि किती वर्षं, तंबाखू खायचा का, सुपारी-पानमसाला, दारू, सगळं विचारलेलं आहे. बाई गेली असेल तर ती गरोदर होती का, बाळंत होताना किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत गेली का, हेही. एखाद्या वस्तीला काय होतंय हे कळायला आणखी काय लागतं? एकच गोष्ट. ती वस्ती कुठली.

आणि नेमकी तीच टिंबांच्या रेघेच्या अलीकडे राहते. घराचा पत्ता, म्हणजे चाळ, गल्ली, पिनकोड, कायद्याच्या भागात. आकडेवारीच्या भागात फक्त राहण्याचं गाव किंवा शहर, जिल्हा आणि राज्य. तिथे लिहितात : बृहन्मुंबई, मुंबई उपनगर, महाराष्ट्र. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती, मुंबई शहर जिल्ह्याच्या तिप्पट. वेसाव्याची कोळीण, मरोळचा कारखान्यातला कामगार, बोरिवलीच्या सोसायटीतले निवृत्त मास्तर आणि मुलुंडच्या डोंगराकडच्या झोपडपट्टीतलं आठ महिन्यांचं पोर, सगळी एका ओळीत. सुपारी कोण खातं ते कागदाच्या एका तुकड्याला ठाऊक आणि तो राहतो कुठे ते दुसऱ्याला. मला आज एवढंच सांगायचंय. बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

तुम्ही म्हणाल, विभागवार आकडे तर प्रसिद्ध होतात. होतात ना. पण ते कशाचे? १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो की घटना जिथे घडली तिथे नोंद करायची. घडली तिथे. माणूस राहतो तिथे नव्हे. २१ दिवसांत विनाशुल्क, मग विलंबशुल्क, मग परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. रुग्णालयाने त्याच्या हद्दीतल्या निबंधकाला कळवायचं, सरळ हिशेब. पण आकडा म्हणून काय होतं पाहा. राजावाडी रुग्णालय घाटकोपर पूर्वेला, म्हणजे एन विभागात. तिथे घाटकोपरबरोबर विक्रोळी, कुर्ला, चेंबूर, गोवंडीकडचे रुग्ण येतात. गोवंडीचं बाळ राजावाडीत गेलं की ते एन विभागाच्या वहीत जातं. कूपर रुग्णालय के पश्चिम विभागात, तिथेही तेच. ज्या विभागात मोठं सरकारी रुग्णालय, त्या विभागाचे आकडे भयंकर. ज्या विभागात ते नाही, तिथे माणसं जणू अमर. मी तरुण असताना एका सभेत एका विभागाचं 'मृत्युदर कमी केल्याबद्दल' कौतुक झालेलं ऐकलंय. तिथलं प्रसूतिगृह दुरुस्तीसाठी बंद होतं.

ही गोष्ट आजची नाही. १९२१ साली मुंबईचा बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर नोंदला गेला. जन्मलेल्या तीन मुलांतली दोन वर्षाच्या आत दगावली, असा त्याचा सरळ अर्थ. परदेशातही त्या आकड्याने लोक हादरले. त्यातला बराच भाग खरा होता. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-दहा माणसं, उजेड नाही, पाळीवर जाणारी आई, पोर झोपावं म्हणून अफूची गोळी. पण सगळा भाग खरा नव्हता, आणि तो का नव्हता हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. बाळंतपण माहेरी! मुलगी सातव्या महिन्यात रत्नागिरीला, साताऱ्याला, जुन्नरला गेली. बाळ तिथे जन्मलं. जन्माची नोंद झाली तर तिथल्या पाटलाकडे, नाहीतर नाहीच. तीन-चार महिन्यांनी बाळाला घेऊन ती लालबागला परत आली आणि पावसाळ्यात ते हगवणीने गेलं. मृत्यू मुंबईच्या खात्यावर, जन्म मुंबईच्या खात्यावर नाही. भागाकारात वरची संख्या शहराची आणि खालची अर्धी गावाकडे राहिलेली. त्या वेळच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे कळत होतं, ते दुरुस्त केलेला दरही मांडायचा प्रयत्न करत. पण मोठा आकडा लोकांच्या लक्षात राहतो, दुरुस्ती राहत नाही.

मुलुंड तेव्हा मुंबईत नव्हतंच. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली महापालिकेत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्याआधी इथे जन्मलेला म्हातारा दाखला मागायला आला की पहिला प्रश्न, कुठल्या दप्तरात शोधायचं? गावच्या पाटील-कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये? गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने या वह्या अचानक पेपरात आल्या. मोडी वाचणारे निवृत्त लोक तहसील कचेरीत मानाने बोलावले गेले. ज्या वह्या आम्ही आरोग्यासाठी लिहिल्या म्हणून सांगतो, त्या लोकांनी जातीसाठी उघडल्या. त्यात मला वावगं काही वाटत नाही. नोंद ज्याला उपयोगी पडते त्याची ती. फक्त त्याच वहीत शेजारच्या रकान्यात मृत्यूचं कारण म्हणून 'ताप', 'ताप', 'ताप' असं पानभर लिहिलेलं असतं, तेही कुणीतरी वाचावं.

आणि जिथे नोंदच नव्हती तिथे काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. १ जून! आपल्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आजी म्हणाली, 'त्या साली मोठा पूर आला होता बघा.' गुरुजींनी जूनमध्ये सहा वर्षं पुरी होतील अशी तारीख टाकून दिली. गमतीचा भाग असा की त्याच घरात पत्रिका असेल तर तिच्यात घटका-पळं लिहिलेली. ग्रहांना मिनिटं हवी होती, सरकारला तारीखसुद्धा कुणी दिली नाही. आमच्या दाखल्यावर आजही जन्मवेळ नसते. दर महिन्याला एक तरी आजोबा खिडकीशी येऊन त्यावरून वाद घालत.

आता मृत्यूच्या कारणाकडे येतो. इथे मला आपल्या वर्तमानपत्रांचं ऋण मान्य केलं पाहिजे. मराठी माणूस तीन कारणांनी मरतो : अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने आणि वृद्धापकाळाने. चौथं, हृदयविकाराचा तीव्र झटका, हे माणूस बऱ्यापैकी प्रतिष्ठित असेल तर. आमच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात तेवढंच दारिद्र्य दुसऱ्या भाषेत असतं. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. म्हणजे हृदय थांबलं, श्वास थांबला. अहो, तो मेला हे आम्हाला माहीत आहे, म्हणूनच कागद आलाय! कशाने थांबला ते लिहा.

त्या प्रमाणपत्रावर त्यासाठी तीन ओळी आहेत, खाली उतरणाऱ्या पायऱ्यांसारख्या. सर्वांत वर तात्कालिक कारण, मग त्याच्यामागचं, तळाशी मूळ कारण. उदाहरण सांगतो. वर : रक्तात जंतुसंसर्ग पसरला. त्याच्याखाली : पायाला गँगरीन. तळाशी : वीस वर्षांचा मधुमेह. जगभर आकडेवारी मोजतात ती या तळाच्या ओळीची, कारण तिथे काहीतरी करता येतं. वरच्या ओळीला आपण फक्त हार घालतो. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांनाच वैद्यकीय कारण प्रमाणित झालेलं होतं. मुंबई त्या मानाने पुष्कळ पुढे आहे, कागद जवळजवळ प्रत्येकाचा असतो. त्याशिवाय स्मशानात लाकडं मिळत नाहीत. पण ती तळाची ओळ कोरी.

ज्यांच्या नावाने आपण जमलोय ते डॉक्टर या बाबतीत विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होते. रात्री दोन वाजता कुणी बोलवायला आलं तर ते जायचे, पण कागद लगेच द्यायचे नाहीत. आधी खुर्ची मागायचे. घरातल्या बाईला विचारायचे, जेवण कधीपासून सुटलं होतं, खोकल्यात रक्त होतं का, गोळ्या कुठल्या, दाखवा. लोक चिडायचे. इथे मयत पडलंय आणि हा माणूस गोळ्यांची पाकिटं मोजतोय. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा त्यांच्या अक्षरातला कागद आला की आमचे हेडक्लार्क म्हणायचे, हा वाचायला चष्मा लागेल, पण वाचला तर काहीतरी सापडेल. शिवाय त्यांची एक स्वतःची वही होती, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यात त्यांच्या रुग्णांच्या घरातले जन्म-मृत्यू चाळवार लिहिलेले. बाळ माहेरी झालं असो, म्हातारा ठाण्याच्या रुग्णालयात गेला असो, नाहीतर गावी, नोंद मुलुंडच्या त्या खोलीखाली. त्यांनी मला ती एकदा दाखवली होती. एका चाळीत दोन वर्षांत क्षयाचे चार मृत्यू, चारही एकाच जिन्यावर. महापालिकेच्या वहीत ते चौघे तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेले असते आणि एकमेकांना कधी भेटलेच नसते.

कारण लपवण्याची परंपरा मात्र फार जुनी आहे. १६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्रौंट नावाच्या कापडव्यापाऱ्याने तिथल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या पहिल्यांदा नीट तपासल्या. कोण कशाने मेलं हे तिथे म्हाताऱ्या बायका घरी जाऊन ठरवत. गुप्तरोगाने गेलेल्यांचं कारण चार पैसे आणि थोडी दारू देऊन क्षय असं लिहवून घेतलं जातं, हे त्याने आकड्यांवरून ओळखलं. आपल्याकडे मुंबईत मृत्यूंची नोंद १८४८ पासून ठेवली जाऊ लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला आणि वर्षभरात मुंबई कोणत्या भीतीखाली होती हे तुम्ही वाचलंय. घरात प्लेग म्हटलं की विलगीकरण, झडती, सामान रस्त्यावर. मग लोक काय सांगणार? ताप होता, न्यूमोनिया होता. प्लेगचे मृत्यू कागदावर कमी राहिले. पण अधिकाऱ्यांकडे एक आकडा होता जो लपवता येत नव्हता, तो म्हणजे एकूण प्रेतं. त्या आठवड्यात दरवर्षी किती मरतात आणि यंदा किती मेले, एवढी वजाबाकी केली की खरा प्लेग दिसायचा.

हीच वजाबाकी सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा केली. मुंबईत २०१९ साली सुमारे ९१ हजार मृत्यूंची नोंद झाली, २०२० साली जवळपास १ लाख १२ हजार. वाढ साधारण वीस हजारांची. करोनाचे अधिकृत मृत्यू त्या वर्षी ११ हजारांच्या आसपास. मधल्या फरकावर टीव्हीवर बरीच भांडणं झाली. जून २०२० मध्ये जुळवणी करताना मुंबईच्या आकड्यात एका दिवसात ८६२ मृत्यू वाढले, तेव्हा तर घोटाळाच उघड झाल्यासारखा गलका झाला. मला वहीतली दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. एक डायलिसिसला रिक्षा न मिळाल्याने गेलेला. दुसरा वसईहून, भिवंडीहून शेवटच्या क्षणी मुंबईच्या खाटेवर आणलेला. दोघेही त्या वीस हजारांत असू शकतात. दोघांचं दुखणं वेगळं, उपाय वेगळा. ते वेगळे करायचे तर पत्ता आणि कारण एका कागदावर लागतात. टिंबांची रेघ पुन्हा मधे आली.

वस्ती न विसरणाऱ्या वह्याही पूर्वी होत्या. अंधेरीत सीप्झच्या आवारात एक पडकं चर्च आहे, सेंट जॉन द बाप्टिस्टचं. १५७९ मध्ये बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली आणि गावकऱ्यांनी ते सोडलं, मरोळला नवीन बांधलं. आज आजूबाजूला संगणकाच्या कंपन्या, आयडी कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्या ठेवायची पद्धत सरकारी नोंदीच्या कितीतरी आधीची. पाद्रीला आपल्या पॅरिशचं माणूस कुठेही मेलं तरी आपलंच वाटायचं. हिशेबाची ती पद्धत मला आमच्यापेक्षा शहाणी वाटते. १८४० मध्ये त्या भिंतींच्या आत काय घडलं ते आज दगड सांगत नाहीत, पण कुठल्या वस्तीला साथीने उठवलं हे विचारावं लागत नाही.

आता काही करता येईल का? आता सगळं संगणकावर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याप्रमाणे त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हा जन्मदाखलाच पुरावा. त्यामुळे लोक नोंद करतील, त्याची काळजी नको. माझं मागणं छोटं आहे. कायद्याच्या भागातला पिनकोड आकडेवारीच्या भागात उतरवा. नाव नको, घर नंबर नको, सहा आकडे पुरे. मुलुंड पश्चिम ८० आणि पूर्व ८१, रेल्वेच्या दोन बाजूंची दोन वेगळी गावं आहेत हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. पिनकोड विभागाच्या हद्दीशी तंतोतंत जुळत नाही, हा आक्षेप मी नोकरीत असताना तीनदा ऐकलाय. नाही जुळत. पण 'मुंबई उपनगर' एवढंच लिहिण्यापेक्षा तो माणसाच्या जवळ जातो.

पिनकोड नसलेलीही माणसं असतात. लोकलच्या रुळांवर आजही वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. राजावाडी, कूपरला शवविच्छेदन होतं आणि फॉर्म येतो : अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५, अंगात निळा शर्ट. पत्त्याच्या जागी आडवी रेघ. डबा घरचा असतो, डब्यात पोळी-भाजी असते, तेवढ्यावरून लोहमार्ग पोलीस कधी कधी घर शोधून काढतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी कुणी भाऊ येतो, नोंदीत दुरुस्ती होते, आणि त्या आडव्या रेघेवर एक पत्ता येतो, सायन, दिवा, आसनगाव. हे काम करताना आमचा कारकून नेहमी पेन बदलायचा. का, असं मी कधी विचारलं नाही.

शेवटी घरचं सांगतो. माझी आई मुलुंड पूर्वेला एकाच घरात बेचाळीस वर्षं राहिली. शेवटच्या आठवड्यात तिला चेकनाक्यापलीकडच्या एका रुग्णालयात हलवलं, कारण तिथे खाट मिळाली. ती तिथे गेली. नोंद ठाणे महापालिकेत. मुलुंडच्या वहीत ती कधी मेलीच नाही. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मी पहिल्यांदा खाली पाहिलं, तिसऱ्या ओळीकडे. वर लिहिलं होतं, हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे. दुसरी ओळ कोरी, तिसरीही. तिला मूत्रपिंडाचा आजार होता, अकरा वर्षं, आणि तो रक्तदाबाने आला होता. मी तीस वर्षं तरुण डॉक्टरांना पायऱ्यांचं हे चित्र फळ्यावर काढून दाखवलेला माणूस. समोर निवासी डॉक्टर होता, पंचविशीचा, रात्रभर जागलेला. बाहेर भाऊ गाडीपाशी थांबला होता, भाची रडत होती. मी कागदाची घडी घातली. नंतर खिडकीवर जाऊन दाखल्याच्या पाच प्रती मागितल्या, बँकेसाठी दोन, पोस्टासाठी एक, सोसायटीसाठी एक, एक जास्तीची.